मधली माणसं कुठे गेली

एमपीएससीचा अभ्यास केलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी ‘वायमार’ म्हणजे काय ते सांगता येतं. राज्यघटनेचे स्रोत, जोड्या लावा. आयर्लंड – मार्गदर्शक तत्त्वं. ऑस्ट्रेलिया – समवर्ती सूची. जर्मनीची वायमार राज्यघटना – आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करण्याची तरतूद. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मीही हे घोकलंय. मार्क पक्का असायचा. त्या वायमार घटनेचं पुढे काय झालं, हे मात्र माझ्या कुठल्याच गाईडमध्ये नव्हतं; आणि विचारायला कोणाला सवडही नव्हती, कारण पुढचं प्रकरण पंचायत राज.

पोस्ट काही निघाली नाही. लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमुळे हॅम्बुर्गला आले, आणि घर मिळालं ते आल्टोनात. आज हा हॅम्बुर्गचाच भाग आहे, पण १९३२ मध्ये वेगळं शहर होतं, श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतातलं. त्या वर्षी १७ जुलैला, रविवारी, हिटलरच्या पक्षाच्या गणवेशातल्या हजारो लोकांनी इथल्या कामगारवस्तीतून मोर्चा काढला. वस्ती कम्युनिस्टांची. गोळ्या सुटल्या आणि १८ माणसं मेली, त्यातली बहुतेक पोलिसांच्या गोळ्यांनी. तीनच दिवसांनी, हेच निमित्त करून, चॅन्सेलर पापेनने प्रशिया या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याचं समाजवादी नेतृत्वाखालचं सरकार एका वटहुकमाने काढून टाकलं. मी भाजी आणायला जाते तेव्हा त्याच मोर्चाचे रस्ते ओलांडते. परीक्षेतल्या एका मार्काच्या नावाला असा पत्ता मिळाल्यावर वाचत सुटले.

मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणी ना कोणी कोणाला तरी हिटलर म्हणत असतं, दोन्हीकडून. त्या भांडणात मला पडायचं नाही. हिटलरवर तर इतकं लिहिलं गेलंय की त्यात भर घालायची माझी लायकीही नाही. मला प्रश्न पडतो तो मतदाराचा. मे १९२८ च्या निवडणुकीत या पक्षाला २.६ टक्के मतं होती आणि संसदेत, म्हणजे राइशटागमध्ये, १२ जागा. जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के आणि २३० जागा. चार वर्षांत एवढी माणसं वेडी होत नाहीत. ती आधी कुणाला तरी मत देत होती. कुणाला?

याचं तयार उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: महागाई. नोटांच्या गड्ड्यांचे मनोरे रचून खेळणाऱ्या मुलांचा फोटो आपल्या सगळ्यांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलेला आहे. फोटो खरा, पण काळ १९२३ चा. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. मग नवं चलन आलं, महागाई थांबली, आणि त्यानंतर साडेचार वर्षांनीही हा पक्ष २.६ टक्क्यांवरच होता. पुढे १९३० ते ३२ या काळात तो झपाट्याने वाढला, तेव्हा जर्मनीत भाव चढत नव्हते, कोसळत होते.

तरी महागाईचा संबंध आहे. फक्त तो पोटाशी कमी आणि विश्वासाशी जास्त. पहिल्या महायुद्धात देशासाठी म्हणून सरकारी रोखे घेतलेला शाळामास्तर, पोस्टातला कारकून, दुसऱ्याचं घर गहाण ठेवून घेऊन त्याच्या व्याजावर जगणारी विधवा अशा लोकांचं आयुष्यभराचं किडुकमिडुक १९२३ मध्ये एका पावाच्या किमतीचंही राहिलं नाही. १९२५ मध्ये भरपाईचा कायदा झाला. गहाणखतांना मूळ किमतीच्या २५ टक्के. सरकारी रोख्यांना अडीच टक्के. सुरुवातीपासूनचे धारक असाल तर सोडतीत नंबर लागल्यावर त्याच्या पाचपट. आपल्याच पैशासाठी सोडत! यातली खरी मेख अशी की, आदल्या वर्षीच्या प्रचारात पूर्ण भरपाईचा शब्द देऊन ज्या राष्ट्रवादी, प्रतिष्ठित पक्षाने या लोकांची मतं घेतली होती, तोच हा कायदा करणाऱ्या सरकारात बसला होता.

ही माणसं तिथून थेट हिटलरकडे गेली नाहीत. आधी त्यांनी स्वतःचा छोटा पक्ष काढला, बुडालेल्या बचतदारांचा. घरमालक आणि कारागीर यांचा वेगळा, शेतकऱ्यांचे आणखी वेगळे. १९२८ मध्ये अशा फुटकळ पक्षांना मिळून १४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. उदारमतवादी मधले पक्ष तेव्हाच पोकळ होऊ लागले होते. ज्या जर्मन डेमोक्रॅटिक पक्षाने १९१९ मध्ये, महायुद्धानंतर आलेल्या वायमार प्रजासत्ताकाच्या पहिल्याच निवडणुकीत, साडेअठरा टक्के मतं घेतली होती, तो जुलै १९३२ मध्ये एक टक्क्यावर आला. स्ट्रेझमान या परराष्ट्रमंत्र्याचा, नोबेल मिळालेल्या माणसाचा पक्ष, तोही त्याच पंगतीत. म्हणजे हिटलरने मधला मतदार पळवला, हे अर्धंच खरं. मधल्या पक्षांनी त्याला आधीच दाराबाहेर उभा केलेला होता. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. पुढे येतं ते याचेच तपशील आहेत.

आता संसदेकडे येते. शेवटचं धडपणे बहुमत असलेलं सरकार पाच पक्षांचं होतं, समाजवादी हेरमान म्युलर यांचं. ते २७ मार्च १९३० ला पडलं. कशावरून? बेकारी विम्याची वर्गणी साडेतीन टक्क्यांवरून चार करायची की नाही, यावरून. उद्योगपतींचा पक्ष म्हणाला नाही, कामगारांचा पक्ष म्हणाला केलीच पाहिजे, आणि मधली तडजोड दोघांतल्या एकाला तरी अपमानास्पद वाटली. त्या वेळी दोन्ही बाजूंना वाटलं असणार की पुन्हा बसू, पुन्हा जमवू. त्या प्रजासत्ताकात पुन्हा कधी बहुमताचं सरकार जमलं नाही.

पुढचे चॅन्सेलर ब्रुनिंग, कॅथलिक पक्षाचे. सरळमार्गी, काटकसरी, कोरडे. त्यांच्यामागे बहुमत नव्हतं, पण राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग होते, आणि हिंडेनबर्गकडे घटनेचं कलम ४८ होतं, आणीबाणीत संसदेला वगळून वटहुकूम काढू देणारं, म्हणजे आमचं ते एका मार्काचं कलम. जुलै १९३० मध्ये संसदेने अर्थसंकल्प फेटाळला, तर ब्रुनिंगनी तो वटहुकमाने लागू केला. संसदेने वटहुकूम रद्द केला, तर त्यांनी संसदच विसर्जित केली. बेकारी वाढत असताना, मुदतीच्या दोन वर्षं आधी, मागून घेतलेली ही निवडणूक. तिच्यात हिटलरचा पक्ष १२ जागांवरून १०७ वर गेला.

इथून पुढचे आकडे मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलके वाटतात. १९३० मध्ये संसदेने ९८ कायदे केले, आणीबाणीचे वटहुकूम निघाले ५. १९३१ मध्ये कायदे ३४, वटहुकूम ४४. १९३२ मध्ये कायदे ५, वटहुकूम साठेक, आणि संसद अख्ख्या वर्षात भरली १३ दिवस. पगार कापले वटहुकमाने, निवृत्तिवेतन कापलं वटहुकमाने, भाडी आणि भावही वटहुकमाने ठरवले. समाजवाद्यांनी हिटलरपेक्षा ब्रुनिंग बरा म्हणून दात-ओठ खात त्यांना चालू दिलं. त्यांची अडचण मला कळते, त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण त्याचा परिणाम असा झाला की, ज्या माणसाला सरकारला ‘नाही’ म्हणायचं होतं त्याला सभ्य विरोधी पक्षच उरला नाही. विरोध करणारी मोठी ठिकाणं दोनच राहिली: हिटलर आणि कम्युनिस्ट. ‘ही संसद मोडून टाकू’ म्हणणाऱ्याला मत द्यायला आता जिवावर येत नव्हतं. मोडायला तिथे उरलं काय होतं?

आपल्या संविधान सभेत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये आणीबाणीच्या तरतुदींवर बोलताना ह. वि. कामत यांनी वायमार घटनेचं नाव घेऊन सांगितलं होतं की, अशाच तरतुदींचा फायदा घेऊन हिटलरने ती घटना संपवली. तरतुदी तरीही राहिल्या. १९७५ मध्ये त्या वापरल्याही गेल्या. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, हे आपण १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीत घातलं. परीक्षेत हाही एक मार्क असतो.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही गाडी काढून बायडेनफ्लेथला गेलो. हॅम्बुर्गच्या वायव्येला, श्ट्योर नदीकाठचं एवढंसं गाव. सपाट जमीन, मध्ये मध्ये पाण्याचे चर, लाल विटांची घरं, नदी ओलांडायला छोटी फेरी. नवरा म्हणाला, इथे बघायचं काय? बघण्यासारखं खरंच काही नाही. १९ नोव्हेंबर १९२८ ला इथे दोन बैलांची जप्ती होती. कर थकलेला, म्हणून सरकारी माणसं बैल न्यायला आलेली. गावकऱ्यांनी रस्त्यात गवत टाकून पेटवलं. बैल बुजले, मागे फिरले आणि धावत आपल्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. कोणाला खरचटलंही नाही. नंतर खटला झाला, आणि गाव प्रांतभर गाजलं.

ही सगळी चळवळ शेतकऱ्यांची होती आणि ती कुठल्या पक्षाची नव्हती. जानेवारी १९२८ मध्ये प्रांतभर एकाच दिवशी लाखाहून जास्त शेतकरी रस्त्यावर आले होते. गुरांचे भाव पडलेले, कर्जाचं व्याज चढं, त्यावर कर, आणि मग जप्ती, लिलाव. कर भरू नका, लिलावात बोली लावू नका, असं चळवळ सांगत होती. निवडणुकीबद्दल तिला काही म्हणायचंच नव्हतं. सगळे पक्ष सारखेच. पुढे काही जणांनी सरकारी कचेऱ्यांवर बॉम्ब टाकले, पुढारी तुरुंगात गेले, चळवळ विस्कटली. हिटलरने आपल्या लोकांना या चळवळीपासून लांब राहायला सांगितलं होतं, कारण त्याला कायद्याच्या चौकटीत दिसायचं होतं. पण सगळ्या पक्षांवरून मन उडालेली, एकत्र यायला शिकलेली, आता पुढारी नसलेली माणसं त्याला आयतीच मिळाली. श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये १९१९ ला पाव हिश्शाहून जास्त मतं त्या डेमोक्रॅटिक पक्षाला होती. १९२८ मध्ये नाझींना ४ टक्के. १९३० मध्ये २७. जुलै १९३२ मध्ये ५१. देशातल्या ३५ मतदारसंघांत निम्म्याहून जास्त मतं त्यांना दुसऱ्या कुठेही पडली नाहीत. माणसं तीच, गावं तीच, मधे फक्त तेरा वर्षं गेली.

शहरातली गोष्ट थोडी वेगळी. गॉटिंगेनच्या उत्तरेला नॉर्टहाइम नावाचं, तेव्हा दहा हजार वस्तीचं असलेलं गाव आहे. एका अमेरिकन इतिहासकाराने युद्धानंतर तिथल्या लोकांशी बोलून, जुनी वर्तमानपत्रं आणि दप्तरं चाळून ते वर्ष न् वर्ष उभं केलं. जुलै १९३२ मध्ये तिथे साठ टक्क्यांहून जास्त मतं नाझींना पडली. आणि गंमत ही, की तिथल्या मध्यमवर्गाला मंदीची झळ फारशी बसलीच नव्हती. बँकेतल्या ठेवी वाढत होत्या. बेकार झाले होते ते कामगार, आणि ते बहुतेक समाजवाद्यांबरोबर किंवा कम्युनिस्टांबरोबर राहिले. मत बदललं ते दुकानदाराने, नोकरदाराने, दफ्तराच्या खिडकीबाहेर बेकारांची रांग रोज बघणाऱ्याने. भीती वाटते ती ज्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी शिल्लक असतं त्याला.

त्या गावातला पहिला नाझी कोण असावा? पुस्तकांच्या दुकानाचा मालक. वाचलेला, गोड बोलणारा, गावात मान असलेला माणूस. तो आहे म्हणजे पक्ष अगदीच वाईट नसणार, असा हिशोब लोकांनी केला. दीडशेहून जास्त क्लब आणि मंडळं होती त्या गावात, गाणाऱ्यांची, नेमबाजांची, माजी सैनिकांची. आपल्याकडे गल्लीगणिक मंडळ असतं तसंच. निरोप तिथूनच फिरला. अलीकडे काही अर्थशास्त्रज्ञांनी अनेक जर्मन शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हाही हेच निघालं: जिथे मंडळं दाट, तिथे हा पक्ष जास्त वेगाने पसरला. मंडळं, संस्था म्हणजे लोकशाहीचा पाया, असं नागरिकशास्त्रात शिकवतात. आत कोण काय बोलतं यावर ते अवलंबून असतं, हे शिकवत नाहीत.

सभाही नुसत्या आरडाओरड्याच्या नसत. बँड असे, नाटक असे, आणि प्रवेशाला तिकीट असे. लोक पैसे देऊन जायचे! वक्ते तयार करायला पक्षाने पत्रद्वारे चालणारी शाळा काढली होती. घरबसल्या धडे यायचे, भाषण पाठ करायचं, शंकांची उत्तरं पाठ करायची. शेतकऱ्यांपुढे जप्तीवर बोलायचं, दुकानदारांपुढे मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरवर, निवृत्तांपुढे निवृत्तिवेतनावर. निवडणूक नसतानाही सभा चालूच. बाकीचे पक्ष निवडणुकीच्या महिन्यात उगवायचे.

ज्यूद्वेषाचं काय, असं कोणी विचारेल. तो पक्षात पहिल्या दिवसापासून होता आणि लपवलेला नव्हता. बऱ्याच मतदारांनी त्याच्यासाठी मत दिलं नसेल. पण त्यांना तो अडलाही नाही, आणि माझ्या लेखी हा फरक त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होऊ शकत नाही. अडावा तरी कसा? वंशाची भाषा चांगल्या घरांत आधीच बोलली जात होती. इरावती कर्वे १९२८ ते ३० या काळात बर्लिनमध्ये पीएचडी करत होत्या, ऑयगेन फिशर या नामवंत मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध असावा, असं गुरूंचं मत. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध दिसत नाही असा निष्कर्ष काढला. त्या पुण्याला परतल्या त्याच वर्षी नाझींच्या १०७ जागा आल्या. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

हललं कोण नाही, तेही बघण्यासारखं आहे. कॅथलिक पक्ष सगळा वेळ साधारण त्याच जागी राहिला. समाजवादी आणि कम्युनिस्ट मिळून १९२८ मध्ये ४० टक्के होते, नोव्हेंबर १९३२ मध्ये ३७. आपापसांत मतं इकडून तिकडे गेली, कम्युनिस्ट वाढले, पण गट फुटला नाही. या लोकांना चर्च होतं, युनियन होती, स्वतःचं वर्तमानपत्र होतं. हे दोन डावे पक्ष एकमेकांशी जितक्या त्वेषाने भांडले, तितके दुसऱ्या कोणाशी क्वचितच भांडले असतील. कम्युनिस्ट तर समाजवाद्यांना फॅसिस्टांचेच भाऊबंद म्हणत, आणि नोव्हेंबर १९३२ च्या बर्लिनमधल्या ट्राम-बस संपात नाझींच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

आणि १२ सप्टेंबर १९३२ ची ती संसद. अध्यक्षाच्या खुर्चीत नाझींचा ग्योरिंग. सुरुवातीलाच एका कम्युनिस्ट सदस्याने अचानक अविश्वास ठराव मांडला. कोणीही एकाने हरकत घेतली असती तर तो तिथेच थांबला असता. कोणी घेतली नाही. पापेन विसर्जनाचा हुकूम न घेताच आलेले. अर्ध्या तासाची सुट्टी झाली, त्यात तो लाल रंगाच्या फोल्डरमधून मागवला गेला. पापेन उभे राहून बोलायला मागतायत आणि ग्योरिंग मुद्दाम दुसरीकडे बघत मतदान पुकारतोय. शेवटी पापेननी कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि चालते झाले. निकाल: सरकारविरुद्ध ५१२, बाजूने ४२. दोन टोकांचे पक्ष मिळून त्या सभागृहात निम्म्याहून जास्त होते. सरकार पाडायला ते एकत्र येऊ शकत होते, बनवायला नाही.

इतकं सगळं असूनही हिटलर मतांवर जिंकला नाही, हे विसरलं जातं. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याची वीस लाख मतं घटली, जागा १९६ झाल्या. पक्ष कर्जात होता, डिसेंबरमध्ये पक्षसंघटना सांभाळणारा ग्रेगोर श्ट्रासर राजीनामा देऊन गेला. उतरती कळा लागली होती. आणि नेमक्या त्याच वेळी पापेन आणि राष्ट्रवादी पक्षाचे हुगेनबर्ग, म्हणजे वर्तमानपत्रांचे आणि सिनेमा कंपनीचे मालक, यांनी हिशोब मांडला की याची मतं आपण वापरू आणि याला मंत्रिमंडळात वेसण घालू. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला, पण त्या मंत्रिमंडळात त्याला धरून नाझी फक्त तीन होते. दोन महिन्यांत त्याला कोपऱ्यात दाबून टाकतो, अशी पापेनची बढाई होती. वीस लाख साध्या मतदारांना तोपर्यंत कळून चुकलं होतं. सुशिक्षित, खानदानी, उमरावांच्या क्लबात बसणाऱ्यांना कळलं नव्हतं. मला राग येतो तो या मंडळींचाच जास्त.

५ मार्च १९३३ ला शेवटची बहुपक्षीय निवडणूक झाली, तीही मूलभूत हक्क कलम ४८ खाली स्थगित करून, विरोधकांना तुरुंगात टाकून. तरी मतं ४३.९ टक्केच. २३ मार्चला संसद क्रोल ऑपेराच्या इमारतीत भरली, बाहेर आणि आत गणवेशातली माणसं उभी, आणि सगळे अधिकार सरकारला देऊन टाकणारा कायदा मताला आला. ४४४ विरुद्ध ९४. विरुद्ध मत देणारे सगळे समाजवादी होते. कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. १९१९ चा तो साडेअठरा टक्क्यांचा डेमोक्रॅटिक पक्ष तोवर नाव बदलून पाच सदस्यांचा उरला होता, आणि तेही समाजवाद्यांच्या यादीच्या आधाराने निवडून आलेले. पाचही जणांनी बाजूने मत दिलं. त्यांतले एक होते थेओडोर हॉइस. पक्षाच्या बैठकीत ते विरोधात बोलले होते, मतदानाला पक्षाबरोबर गेले. १९४८ मध्ये बॉनमध्ये नवी घटना लिहायला बसलेल्यांत ते होते, आणि १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्या नव्या घटनेत एक कलम आहे, ६७: चॅन्सेलरला काढायचं असेल तर त्याच ठरावात पुढच्याचं नाव निवडून द्यावं लागतं. १९७२ मध्ये असा प्रयत्न झाला तो दोन मतांनी फसला. १९८२ मध्ये जमला.